नकोची कळी

सृष्टीनं सोलापुरात 'नको'वर अंगठा टेकवला आणि तिकडं बार्शीत तिच्या बापाच्या मोबाईलवर कळी उमलली. आधी बाहेरच्या पाकळ्या, मग आतल्या, गुलाबी, संथ, देवघरातल्या कमळासारख्या. खाली एक ओळ आली, 'मन तयार आहे. थोडा वेळ द्या.'

शिवलिंगअप्पा तोडकरी तेव्हा स्वतःच्या मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात पाकाची तार बघत होते. त्यांनी झारा आचाऱ्याच्या हातात कोंबला, बायकोला हाक मारून कळी दाखवली आणि पुण्याला थोरल्या लेकीला फोन लावला.

"वीणे, उमलली बघ."

"काय उमललं अप्पा?"

"कळी गं. आपल्या सृष्टीची. लातूरच्या होनरावांच्या पोराला नको म्हणाली, आणि पाकळ्या बघ कशा फुलल्यात. पूर्वी पोरीच्या मनातलं काढायला चार मावश्या कामाला लावायला लागायच्या. तुझ्या यंत्रानं चुटकीसरशी काढलं."

"बघा, मी म्हटलं नव्हतं?" वीणा म्हणाली.

तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, झालाच. ते यंत्र तिचं होतं.

यंत्राचं नाव मनकवडा. यंत्र म्हणजे चाकं-बिकं काही नाहीत, मोबाईलच्या पडद्यामागं बसलेला एक प्रोग्राम. पडद्याच्या काचेखाली विजेचं बारीक जाळं असतं. बोट काचेला टेकायच्या आधीच, नुसतं जवळ आलं तरी, त्या जाळ्यातली वीज हलते. जुने मोबाईल ही हालचाल कचरा म्हणून फेकून द्यायचे. नव्या पडद्यांनी ती जपून ठेवायला सुरुवात केली. अंगठा आधी कुठल्या बटणाकडं निघाला, कुठं थबकला, मागं कसा वळला, टेकताना किती दबला, किती थरथरला, सगळं. समोरच्या कॅमेऱ्याला डोळ्यातली बाहुली मोठी झाली की लहान तेही दिसतं. माणूस बटण एकदाच दाबतो, पण त्याआधी अंगठ्याची जी घालमेल होते ती सगळी यंत्राकडं जमा असते.

घालमेल जमा झाली, पण तिचा अर्थ कुणी लावायचा? यंत्राला अर्थ शिकवायचा तर अशी ढीगभर उदाहरणं लागतात, जिथं माणूस नको म्हणाला आणि त्याला हवं होतं हे पक्कं ठाऊक आहे. कंपनीतले बाकीचे शहाणे डोकं खाजवत बसले होते. वीणाला सुचलं. पंगत.

आपल्याकडं पंगतीत पहिलं नको हे नको नसतंच. वाढपी जिलेबी घेऊन येतो, माणूस ताटावर हात आडवा धरतो, नको नको म्हणतो, वाढपी हात बाजूला सारतो, जिलेबी पडते, माणूस खातो. न वाढता पुढं गेला तर तोच माणूस घरी जाऊन सांगतो, कसले लोक, साधा आग्रहसुद्धा केला नाही. अप्पांच्या कार्यालयात जेवणाच्या हॉलमध्ये कॅमेरे होते, आणि सगळ्या जिल्ह्यात आग्रह करावा तर शिवलिंगअप्पांनी, अशी ख्याती होती. वर्षानुवर्षांच्या पंगती वीणानं उतरवून घेतल्या. ताटावर आडवा आलेला हात आणि काचेवर थबकलेला अंगठा, दोन्हींतली लय एकच असते, असा तिचा सिद्धांत होता. यंत्राला तिनं साधा नियम दिला. नको म्हणून खाल्लं, तर नको खोटं. नको म्हणून पानात टाकलं, तर खरं.

खोटी नको निघाली जवळजवळ सगळीच. कंपनीत लाडू वाटले.

आधी मनकवडा गेला जेवण मागवायच्या ॲपमध्ये. मग कपड्यांच्या. मग लग्न जुळवायच्या ॲपमध्ये, आणि तिथं त्यानं सगळ्यांवर ताण केली. पुढं पुढं तर बटणही लागेना, समोरच्याच्या तोंडावर कॅमेरा धरला तरी भागायचं. तिथं प्रश्न आला, पोरीचं नको खोटं आहे हे आईबापाला सांगायचं कसं? आकडा दाखवला की माणसं भांडतात. बाप म्हणतो सत्तर टक्के म्हणजे पास, पोरगी म्हणते तीस टक्क्यांचं काय? तेव्हा वीणाला आपल्या भाषेतलं सापडलं. आपण म्हणतोच की, पोरीची कळी खुलली. तिनं आकडा काढला आणि कळी बसवली. फुलाशी कोण भांडणार?

पिढ्यान् पिढ्या बायकांनी डोकी आपटली, तेव्हा कुठं ह्या मुलखात पोरीचं नको जेमतेम ऐकू यायला लागलं होतं. ह्या लोकांनी एसीत बसून त्याच्यावर फूल चिकटवलं. आणि त्याला नाव काय दिलं, तर मानवी भावनांचा आदर करणारी रचना. थुंकायलाही जागा ठेवली नाही.

*

सृष्टी सोलापुरात एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. लोकांचे अवघडलेले खांदे सोडवायची. न कळवता ती पुण्यात वीणाच्या ऑफिसवर येऊन थडकली. वीणा तिला कँटीनमध्ये घेऊन गेली.

"जेवलीस का?"

"जेवण राहू दे. मी नको म्हणालेय."

"हो, अप्पांचा फोन आला होता."

"अप्पांनी कळी उमलल्याचं सांगितलं असेल. मी नको म्हणाले ते सांगितलं का?"

वीणानं चहाचा कप तिच्यापुढं सरकवला. "पोरगं वाईट आहे का?"

"चांगलं आहे. उंच आहे, घरची डाळमिल आहे, हसतोही बरा."

"मग?"

"मग काय? कारण दिलं की तुम्ही कारण खोडता. शिकायचंय म्हटलं की लग्नानंतर शीक. लातूर लांब म्हटलं की गाडी आहे. म्हणून यंदा कारणच आणलेलं नाही. नुसतं नको आणलंय."

वीणा हसली. धाकटी लहानपणापासून अशीच, तोंडाळ. हसता हसता तिची नजर सवयीनं खाली गेली. सृष्टीचा अंगठा कपाच्या कानावर होता. टेकला होता, सुटत होता, परत टेकत होता.

"ताई."

"काय?"

"तू माझ्या अंगठ्याकडं बघतेयस."

वीणानं मान वर केली. सृष्टीच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. चपलेला काहीतरी चिकटल्यावर माणूस जसा पायाकडं बघतो, तशी ती बहिणीकडं बघत होती.

"कप भाजतोय," सृष्टी म्हणाली. "म्हणून अंगठा उचलतेय. लिही कुठं लिहायचं ते."

"अगं, तसं नाही…"

"तसंच आहे. मी ते बटण परत परत दाबलं. जीव खाऊन दाबलं. जितकं जोरात दाबावं तितकी तुझी कळी जास्त उमलते, माहितेय तुला? रागानं हात थरथरला की ती म्हणते, ओढ आहे. शांतपणे दाबलं की म्हणते, मन तयार आहे. दाबलंच नाही की म्हणते, लाजतेय. मी काय करू म्हणजे तिला नको वाटेल? मरू?"

शेजारच्या टेबलावरच्यांनी माना वळवल्या आणि परत ताटात घातल्या.

"एक काम कर," सृष्टी म्हणाली. "यंत्राला सोड. अप्पांना सोड. तू मला विचार."

"काय विचारू?"

"हे स्थळ नको का, ते."

वीणाला उगीच लाजल्यासारखं झालं. सख्ख्या बहिणीला एवढं साधं विचारायचं, तर जीभ जड झाली. "तुला हे स्थळ नको आहे का?"

"नको आहे."

बस, एवढंच. ह्यात दोघींचा श्वासभरसुद्धा वेळ गेला नाही. आणि कळी उमलल्यापासून घरातल्या एकानंही तिला हे विचारलेलं नव्हतं, वीणानंही.

"अप्पांनी रविवारी कार्यालयावर चहापोहे ठेवलेत," सृष्टी उठता उठता म्हणाली. "नुसतं बघून जातील म्हणे. मला सगळं कळतं. नुसतं बघायला आचाऱ्याला सांगावा जात नाही."

*

सृष्टी गेली आणि वीणा जागेवर येऊन बसली. तिला बहिणीची कळी चुकीची आहे एवढंच सिद्ध करायचं होतं. एखादी बिघडलेली केस. दुरुस्त करू, अप्पांना सांगू, मिटलं. बिघाड कुठं असेल ते शोधत ती थेट मुळाशी गेली, अप्पांच्या पंगतींकडं.

पंगतीत सगळं ठीक होतं. हात आडवे येत होते, जिलब्या पडत होत्या, माणसं खात होती. मग तिला आठवलं की अप्पांनी सगळेच कॅमेरे दिले होते. मागच्या अंगणातला, हात धुवायच्या नळांपाशी असलेलाही. तो तिनं निरुपयोगी म्हणून बाजूला काढला होता. तिनं तो लावला.

हॉलमध्ये ज्या म्हाताऱ्यानं हसत हसत जिलब्यांचं ताट साफ केलं होतं, तो नळांच्या मागं भिंतीला हात टेकून घशात बोट घालत होता. कोशिंबिरीसारखं काहीतरी भिंतीवर उडालं. त्यानं पाणी मारलं, मिशी पुसली, आणि परत हसत आत गेला. त्याच्यामागून एक बाई आली. तिनं पदरातून लाडू काढून कुत्र्याला टाकले. मग एक पोरगी, जांभळ्या परकरातली, वाकून ओकत असलेली, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत तिची आई म्हणतेय असं दिसतंय, पानात टाकायचं नसतं बाळा.

वीणानं आणखी लावलं, आणि पुढचंही लावलं. सगळ्या लग्नांत तेच, नळ, भिंत, कुत्रं.

पानात वाढलेलं टाकायचं नाही. हे तिला दूधपित्या वयापासून शिकवलेलं. अन्न हे पूर्णब्रह्म. नको म्हटल्यावरही वाढलं, तरी आता ते पानात आहे, म्हणजे गिळायचं. माणसं हवं होतं म्हणून खात नव्हती. पडलं होतं म्हणून खात होती. जगात दुसऱ्या कुणी ही चूक केली नसती. तिथं नको असलेलं लोक ताटात ठेवून उठतात. आपल्यात ठेवत नाहीत, आणि वीणा आपल्यातली होती, म्हणून तिला खाणं आणि हवं असणं ह्यात फट असते हे सुचलंसुद्धा नाही. यंत्र मन वाचायला शिकलंच नव्हतं. कोण गिळेल, एवढंच शिकलं होतं.

पण जेवणावर शिकलेलं यंत्र लग्नाला बरोबर कसं ठरत होतं? कंपनी तर छातीठोकपणे सांगत होती की कळी उमललेल्या पोरींची लग्नं टिकतात. ही खात्री येते कुठून, हे बघायला तिनं लग्नाचा नियम उघडला. तो तिनं लिहिलेला नव्हता, पण तिच्या नियमावर बेतलेला होता. मुलीचा मोबाईल वर्षभर सासरच्या वायफायवर राहिला, तर ती नांदते. नांदते, म्हणजे तिला हवं होतं. म्हणजे तिचं नको खोटं होतं. म्हणजे यंत्र बरोबर. आणि हे उदाहरण परत यंत्राला शिकवायला जायचं, पुढच्या पोरीसाठी.

ती नियम घेऊन निषादकडं गेली. निषाद तिचा वरिष्ठ, अनवाणी फिरायचा, सगळ्यांना मित्रा म्हणायचा.

"निषाद, हे काय आहे?"

त्यानं वाचलं. "नांदते. गोड शब्द आहे ना? मराठी टीमनं सुचवला."

"पोरगी सासरी झोपते म्हणजे तिला लग्न हवं होतं, हे कुणी ठरवलं?"

"मग दुसरं काय मोजणार? रडणं? सगळ्याच रडतात."

"परत जायला जागा नसते म्हणून राहतात."

"ते कारण झालं. आपण वागणं मोजतो, कारण मोजत नाही. तूच शिकवलंस आम्हाला. खाल्लं की हवं होतं."

ती म्हणाली, "बरं. खोटं नको शोधतो, तसा खोटा हो शोध. तेच जाळं, तोच अंगठा. पोरगी हो म्हणते आणि आतून नको असतं, ते दाखव."

निषाद तिच्याकडं कौतुकानं बघत राहिला, लहान मूल काही बोललं की बघतात तसा. "वीणा, मित्रा. खोटा हो सापडला, तर आपलं ॲप घेणार कोण? दुकानदार? पोरीचा बाप?"

"पण शोधता येतो?"

"येतो की. कधीच सापडलाय. बंद करून ठेवलाय." त्यानं तिचा खांदा थोपटला. "घरी काही झालंय का? चेहरा उतरलाय तुझा. दोन दिवस सुट्टी घे."

*

रविवारी कार्यालयाच्या दारात रांगोळी होती आणि आत पाट मांडले होते. चहापोह्यांना पाट लागत नाहीत. होनरावांकडचे दोन गाड्या भरून आले होते. मध्ये चौरंगावर सुपारी, हळदकुंकू आणि साखरेचा पुडा. सुपारी फुटली की ठरलं, मग मागं फिरणं नाही.

वीणा पोचली तेव्हा सृष्टी आतल्या खोलीत साध्या ड्रेसवर बसली होती. आईनं काढून ठेवलेली साडी घडीवर घडी तशीच. वीणा आधी अप्पांकडं गेली. त्यांना बाजूला घेऊन नळ, भिंत, कुत्रं सगळं सांगितलं.

अप्पा शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या पंगतीला लोक ओकतात, असं म्हणतेस?"

"अप्पा, मुद्दा तो नाही."

"सबंध तालुक्यात सांगितलंय मी, माझ्या लेकीचं यंत्र माझ्या पंगतीत शिकलं. आज धाकटीच्या सुपारीला सांगायचं का, की ते गटारात शिकलं?"

"तिला नकोय, अप्पा."

"तसं दिसत नाही," अप्पा म्हणाले, आणि खिशातला मोबाईल चाचपला.

पाण्याच्या माठापाशी ओंकार होनराव तिला भेटला. नवरा मुलगा. खरंच उंच, खरंच बरा हसणारा.

"ताई, तुमचे आभार मानायचे होते."

"कशाबद्दल?"

"तुमच्यामुळं गैरसमज टळला. सृष्टीनं मघाशी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, मला हे लग्न करायचं नाही. एरवी माझं मन मोडलं असतं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, मला घाई नाही. मी थांबीन." त्यानं नम्रपणे पाण्याचा पेला खाली ठेवला. "त्या चिडल्या. चिडल्या की कळी जास्त छान उमलते, बघितलंत का?"

दारुडा असता, गुंड असता, तर त्याच्या थोबाडीत मारता आली असती. हा तर देवमाणूस होता. समोरची बाई तोंडावर नको म्हणते, आणि हा तिच्यावर माया करत ते पुसून टाकतो. त्याच्या चांगुलपणाचीच वीणाला किळस आली. मधाच्या बोटासारखा होता तो चांगुलपणा, चिकट, आणि थेट घशात जाणारा.

सृष्टीला बाहेर बोलावलं. ती ड्रेसवरच आली. बायका कुजबुजल्या. होनरावांचे थोरले काका, फेटा बांधलेले, सुपारी हातात घेऊन म्हणाले, "रीत म्हणून विचारतो बाळ. मुलगा पसंत आहे ना?"

"नाही," सृष्टी म्हणाली.

हॉल हसला. कुत्सित नाही, मायेनं. एक मावशी म्हणाल्या, "आमच्या वेळी नुसत्या माना खाली घालायच्या. आताच्या धिटुकल्या तोंडानं नाही म्हणतात."

"पसंत नाही. मला हे लग्न करायचं नाही."

"परत म्हण गं, गोड म्हणतेस," कुणीतरी मागून म्हणालं, आणि पुन्हा हशा. तीन-चार मोबाईल वर झाले. सगळ्यांवर कळ्या होत्या, आणि सगळ्या उघडत होत्या. सृष्टीनं एकेका चेहऱ्याकडं बघितलं. इतकी माणसं, सगळ्यांना तिचं 'नाही' ऐकू आलेलं, आणि एकाच्याही कानात ते राहिलेलं नाही.

काकांनी अडकित्ता उचलला.

"थांबा," वीणा म्हणाली. ती चौरंगापाशी आली. "ती नाही म्हणालीय. हे यंत्र मी केलंय, म्हणून सांगते. ते ह्याच हॉलमध्ये शिकलं. तुम्ही सगळे इथं जेवलात. नको नको म्हणत खाल्लंत आणि मागं नळावर जाऊन ओकलात. काका, तुम्हीही आहात त्यात. मी त्याला तुमचं खाणं दाखवलं, ओकणं दाखवलं नाही. त्याला मन-बिन काही कळत नाही. तुमच्या घशातून किती उतरेल, तेवढंच कळतं."

काकांचा अडकित्ता हवेत राहिला. ओंकारची आई मात्र वितळली. तिनं हळूच आपला मोबाईल वीणाच्या तोंडावर धरला, मुलाच्या गालाचा पापा घ्यावा तितक्या प्रेमानं.

"आई गं," ती म्हणाली. "बघा हो सुरेखाताई, थोरलीचं काय येतंय."

सुरेखा म्हणजे वीणाची आई. तिनं वाकून वाचलं. कळी अर्धी उघडली होती. 'मन हळवं झालं आहे. शब्दांवर जाऊ नका. जवळ घ्या.'

"धाकटीचं आधी ठरतंय," ओंकारची आई म्हणाली. "वाटणारच."

आणि आईनं वीणाला जवळ घेतलं. जन्मात कधी चारचौघांत मिठी मारली नव्हती तिनं. आज मारली, कारण मोबाईलवर लिहिलं होतं. वीणाचं तोंड तिच्या खांद्यात दाबलं गेलं. जरीची साडी, घामाचा आणि पावडरचा वास.

"आई, सोड."

"बरं बरं."

"सोड म्हणते ना. नको."

"हो गं माझी राणी," आई म्हणाली, आणि मिठी आणखी आवळली. कुणीतरी चुकचुकलं. एका मावशीचा हातही पाठीवर आला आणि फिरायला लागला. वीणानं अंग वळवलं, तर हात वळला. तिनं हात झटकला, तर दुसरा आला. तिच्या घशाशी आंबट काहीतरी आलं. आतून ती किंचाळत होती आणि बाहेर सगळ्यांना ते रडूसारखं दिसत होतं. सृष्टी इतके दिवस जिथं उभी होती, ती जागा ही.

वीणानं दोन्ही हातांनी आईला ढकललं. आई मागच्या पाटावर बसली, साखरेचा पुडा फुटला, आणि हॉलमधला हशा एकदम थांबला. आईच्या तोंडाकडं बघून वीणाला वाईट वाटलं. तरी हात जोडून माफी मागायला ती वाकली नाही.

ती सृष्टीकडं वळली. "निघायचं?"

"हो."

वीणानं तिच्या अंगठ्याकडं बघितलं नाही.

ओंकार दारात आडवा आला नाही. बाजूला झाला, आदबीनं. "काळजी घ्या," म्हणाला. "मी थांबलोय."

"थांबू नका," सृष्टी म्हणाली.

तो हसला.

*

गाडी सुरू करेपर्यंत अप्पा अनवाणी धावत आले. मोबाईल बहुतेक आत राहिला होता, कारण त्यांना हात कुठं ठेवावेत ते कळत नव्हतं. शेवटी एक हात त्यांनी सृष्टीच्या बाजूच्या काचेवर ठेवला. काच अर्धी खाली होती. त्यांना धाप लागली होती. जिल्हाभर ज्यांच्या आग्रहापुढं कुणाचं चाललं नाही, त्या माणसाला एक वाक्य सुचत नव्हतं.

"नको जाऊ गं," ते म्हणाले.

वीणाची नजर त्यांच्या हातावर गेली. बोटं काचेवर दाबलेली, अंगठा मात्र सुटा, उचललेला. तोंडानं नको आणि अंगठा सोडायला तयार. तिनं शेकडो वेळा वाचलेली खूण.

"अप्पांना आतून बहुतेक…" ती हळूच म्हणाली.

"ताई, गप बस," सृष्टी म्हणाली. "ते नको म्हणालेत."

मग ती बापाकडं वळली. "अप्पा, मी ऐकलं. आम्ही जायला तुम्हाला नकोय."

अप्पांनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी आपलं म्हणणं जसंच्या तसं उचलून आपल्या हातात परत दिलं, ह्याची त्यांना सवय नव्हती.

"नकोय," ते म्हणाले.

"हं. तरी जाते मी."

घरातून निघताना आपल्याकडं कुणी 'जाते' म्हणत नाही. मसणात जाणाराच तेवढा जातो, बाकीच्यांनी 'येते' म्हणायचं असतं. अप्पांनी सवयीनं तिला दुरुस्त करायला तोंड उघडलं. तिच्याकडं बघितलं. तिला जे म्हणायचं होतं, तेच ती म्हणाली होती.

त्यांनी तोंड मिटलं, आणि काचेवरचा हात काढून घेतला.